आडवे याचे, उभे त्याचे

माझ्या मुलीला घरात सगळे बटण म्हणतात. दिसेल ते बटण ती दाबते, आणि ज्याला बटण नाही त्यालाही एकदा दाबून बघते. दुधाची पिशवी, आजोबांचं नाक, झोपलेल्या बापाचा डोळा. काही चालू झालं नाही की माझ्याकडे अशी बघते, जणू वायरिंग मीच केलंय.

ती दुपारी झोपली की मी शब्दकोडं तयार करते. रविवारच्या पुरवणीत शेवटून दुसऱ्या पानावर, खाली डाव्या कोपऱ्यात ते छापून येतं. माझी पद्धत साधी आहे: एका झोपेत आडवे शब्द, दुसऱ्या झोपेत उभे. मधेच ती उठली तर राहिलेला शब्द डोक्यात आणि तिला खांद्यावर घेऊन मी घरभर फिरते. नवरा म्हणतो, आठ्या घालून बाळाला थोपटणारी बाई दिसली की ओळखावं, हिला सहा उभा जमत नाहीये.

माझी सूत्रं जरा तिरकी असतात. 'राजाची बायको' असं विचारून 'राणी' लिहून घ्यायचं, त्यात काय मजा? आता हे बघा: 'उलटं केलं तरी जुनं होत नाही.' उत्तर नवीन. न, वी, न. कुठूनही वाचा, नवीनच. हे सुचलं तेव्हा मी बटणला भात भरवत होते, आणि आनंदाच्या भरात तिचा चमचा माझ्याच तोंडात घातला. ती आ करून बसली होती ती तशीच बसली.

खरं सांगायचं तर हल्ली दिवसभरात माझं असं एवढंच आहे. केस तिचे आहेत, ती ओढते. फोन तिचा आहे, ती चाटते. झोप तर केव्हाच तिच्या नावावर झाली. तळहाताएवढी ती काळी-पांढरी चौकट तेवढी माझी.

आणि त्या चौकटीवरही एकाचा डोळा होता. एका गादीवाल्या कंपनीला तो कोपरा जाहिरातीसाठी हवा होता. पुरवणीच्या संपादक मॅडम कोड्याच्या बाजूच्या होत्या, पण बटणला दाढा येत होत्या त्या महिन्यात माझ्याकडून एका सूत्रात चक्क उत्तरच छापून गेलं, आणि तेव्हा त्यांनी मला फोनवर स्पष्ट सांगितलं, "हे बघ, यावेळी मी तुझ्यासाठी भांडले. आता आणखी एक चूक झाली, वाचकांची ओरड झाली, की तिथे गादी येणार. मग मी काही करू शकणार नाही."

"होणार नाही मॅडम," मी म्हणाले, आणि त्याच वेळी बटणने फोन बंद केला.

आता ती आणखी एक चूक कशी झाली ते सांगते. पुरवणीचं पान लावणाऱ्याने कोड्याची एकच चौकट करून ठेवली आहे आणि दर आठवड्याला तो तीच वापरतो. काळी घरं तीच, आकडे तेच. मी नुसती सूत्रं पाठवते, उत्तर पुढच्या आठवड्यात. आडव्यांची एक फाईल, उभ्यांची दुसरी, कारण त्या वेगवेगळ्या झोपांत झालेल्या असतात. त्या शनिवारी बटणला लस दिली होती. ती माझ्या गळ्याला अशी चिकटली होती की मला पाणीसुद्धा कुणीतरी पाजावं लागत होतं. म्हणून मी नवऱ्याला सांगितलं, "आडवे आणि उभे तेवढे पाठवून दे रे."

त्याने पाठवले. आडवे या आठवड्याच्या कोड्याचे आणि उभे पुढच्या आठवड्याच्या कोड्याचे.

रविवारी सकाळी पेपर उघडला आणि कोड्यावर नजर टाकली. चौकटीतल्या पहिल्याच घरातून एक आडवा शब्द निघतो आणि एक उभा. एक आडवा होता: 'मास्तरांच्या गाडीत देश बसलाय.' म्हणजे सर अधिक कार, सरकार. एक उभा होता: 'ब ने निघताना हात हलवला आणि भाजीत पडला.' ब अधिक टाटा, बटाटा. दोन्ही उत्तरं बरोबर. पण त्या एका घरात 'स' पण हवा आणि 'ब' पण हवा. आणि हे नुसतं पहिलं घर. चौकटभर हीच भांडणं. जिथे जिथे आडवा उभ्याला भेटत होता, तिथे तिथे एका घरात दोन भाडेकरू.

मी नवऱ्याला स्वयंपाकघरात ओढलं. "अरे, हे काय पाठवलंस?"

"उभे."

"कुठले उभे?"

"तिथे तीन फाईली होत्या. 'उभे पक्के', 'उभे पक्के नवे' आणि 'उभे हेच घे'. मी हेच घे घेतलं."

त्या फाईलचं नाव मीच ठेवलं होतं.

"कुणाच्या लक्षात येईल का?" तो म्हणाला. तो चष्म्याच्या दुकानात काम करतो. लोकांना समोरचं दिसत नाही यावर त्याचा पूर्ण विश्वास आहे.

"कोडं सुटतच नाही हे सोडवणाऱ्यांच्या लक्षात येणार नाही?"

तेवढ्यात बाहेरून पेन्सिलीला टोक काढल्याचा आवाज आला. बाबा बसले होते.

बाबा म्हणजे माझे सासरे. पाणीपुरवठ्यात मीटर तपासून निवृत्त झाले. दर रविवारी चहाबरोबर माझं कोडं घेतात आणि आंघोळीच्या आत संपवतात. कोडं करणारी त्यांच्यासमोरच बसून वाटाणे सोलत असते, पण त्यांनी एकदाही मला काही विचारलेलं नाही. मी चुकून तोंड उघडलं तर कानावर हात ठेवतात. म्हणतात, "पोरी, मी हे कोडं म्हणून सोडवत नाही. डोक्याचं मीटर बघतो. काटा फिरतोय ना, मग झालं."

"बाबांना सांगून टाकू का?" मी कुजबुजले.

"वेडी आहेस? बाबांना सांगायचं म्हणजे भोंगा लावायचा. बाबा सलूनवाल्याला सांगणार, सलूनवाला गिऱ्हाइकांना, आणि दुपारपर्यंत गादीवाले मोजमाप घ्यायला येणार."

म्हणून मी गप्प बसले. बाबांनी 'सरकार' लिहिलं, स्वतःशीच हसले. 'बटाटा' लिहायला गेले, थांबले. सरकार खोडलं. मग बटाटा खोडला. मग पेन्सिलीकडे बघितलं, जणू तिचंच काहीतरी बिघडलंय.

"कसं आहे?" मी विचारलं.

त्यांनी कानावर हात ठेवले.

त्या दिवशी बाबांची आंघोळ दुपारच्या जेवणानंतर झाली. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, दारावर थाप मारून म्हणाल्या, "अहो, ते चौकोन कुठे पळून जात नाहीत, पाणी मात्र निवतंय!" आईंचं शब्दकोड्याबद्दल फार वाईट मत आहे. रिकामे डबे भरायला कुणी उठत नाही, रिकामे चौकोन भरायला सगळे तयार, असं त्या म्हणतात.

सोमवारी मी फोन वाजण्याची वाट बघत बसले. वाजला नाही. मंगळवारीही नाही. एकही तक्रार नाही. मला काही कळेना. तेवढ्यात बटणचे केस डोळ्यांवर येऊन ती दारांवर आपटायला लागली, म्हणून तिला घेऊन मी कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये गेले. तिथे मला सगळं कळलं.

बाबा आधीच बाकावर बसलेले होते. खुर्चीत दातांचे डॉक्टर, त्यांचा दवाखाना वरच्याच मजल्यावर आहे. गालाला फेस, अर्धी दाढी झालेली. सलूनवाल्याच्या एका हातात वस्तरा, दुसऱ्या हातात पुरवणी. हे तिघं दर मंगळवारी एकमेकांची कोडी पडताळतात.

"या वहिनी, या," सलूनवाला म्हणाला. "यावेळी काय कोडं घातलंत! मानलं."

"सुटलं?" मी घाबरत घाबरत विचारलं.

"म्हणजे काय? रविवारीच."

"मला तर शनिवारीच सुटलं असतं," डॉक्टर फेसातून म्हणाले, "पण पेपर रविवारी येतो."

जे कोडं मला सुटलं नसतं ते यांना सुटलं होतं.

"एक उभा काय घातलंत डॉक्टर?" सलूनवाल्याने अगदी सहज विचारलं, पण वस्तरा मात्र हवेत थांबला.

"तुम्ही आधी सांगा."

"तुम्ही सीनियर."

"बरं. स ने सुरू होतो, एवढं सांगतो."

"बरोबर! स नेच. सरकारचा स!" सलूनवाल्याचा जीव भांड्यात पडलेला मला दिसला. "म्हणजे... सटाटा."

"सटाटा," डॉक्टर गंभीरपणे म्हणाले. "मीही सटाटाच घातलंय."

"सटाटा म्हणजे काय?" माझ्या तोंडून निघून गेलं.

दोघं हसले. "बघा, बघा, परीक्षा घेतायत! अहो वहिनी, सगळे बटाटे काढून झाल्यावर मातीत मागे राहतो तो सटाटा. उशिरा सापडतो. जुना शब्द आहे."

"शेतकरी वापरतात," डॉक्टर म्हणाले. त्यांनी शेत फक्त कॅलेंडरवर पाहिलेलं आहे.

"आणि ते नऊ? नवीनच्या मधून खाली जाणारं?"

"'तवा पालथा घातला आणि दिवा लागला.' मला आधी वाटलं, तवा उलटा म्हणजे वात. पण नवीनमधला वी हवा ना! मग कळलं वहिनींची गंमत. तवा नाही, तवी! लहान तवा. तवी उलटी केली की वीत. दिवा वीतभर उंच लागला!"

"वा!" डॉक्टर म्हणाले. "अगदी हेच." त्यांचा चेहरा सांगत होता की त्यांनी अगदी हे नव्हतं लिहिलेलं.

मला हसू आवरेना आणि रडूही आवरेना. हे लोक कुणीच तक्रार करणार नव्हते. कोडं चुकलं असेल असं एकाच्याही मनात आलं नव्हतं. प्रत्येकाला वाटत होतं, आपणच कुठेतरी कमी पडलो. आणि ते कुणाला कळू नये म्हणून प्रत्येक जण नवीन शब्द जन्माला घालत होता.

"काका, तुमचंही सटाटाच ना?" सलूनवाल्याने विचारलं.

बाबा बाकावर अगदी ताठ बसले होते. "हो तर," ते म्हणाले. "सटाटाच."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. पुरवणीची घडी घालून ती खिशात कोंबली आणि "जरा येतो" म्हणून निघून गेले. सलूनवाला बटणचे केस कापता कापता डॉक्टरांना सतरा आडवा समजावून सांगत होता, त्यामुळे तिच्या कपाळावर जिन्यासारखं काहीतरी तयार झालं. तिने आरशात बघितलं आणि आरसा दाबला.

घरी पोचते तोच मॅडमचा फोन. मी डोळे मिटूनच उचलला.

"अगं, काय केलंयस काय तू!"

"मॅडम, मी सांगते..."

"ढीग लागलाय पत्रांचा! एरवी दोन येतात, त्यातलं एक तुझ्या सासऱ्यांचं. सगळे म्हणतायत, कठीण आहे पण काय कोडं आहे! गादीवाले थंड पडलेत. मी तर म्हणते, तुला जास्त जागा देऊ. फक्त उत्तर परवापर्यंत पाठव, यावेळी मोठं छापायचं आहे."

संध्याकाळी नवरा दुकानातून आला तसं त्याला सगळं सांगितलं. तो तर नाचायलाच लागला.

"मग झालं की! सटाटा छाप!"

"अरे, असा शब्द नाही."

"आता आहे. लोकांनी तयार करून हातात दिलाय, तुला नुसता छापायचा आहे. सरकार, सटाटा, नवीन, वीत. बाकीचे आपण जमवू."

आणि खरं सांगते, आम्ही जमवायला बसलो. बटण झोपली होती. जेवणाच्या टेबलावर चौकट पसरून आम्ही शब्दांना पिळत होतो. "'खिरकी' चालेल?" "खिडकीचं काय झालं?" "ड च्या जागी र हवाय." "आणि अर्थ?" "जिथून जरा गार वारा येतो ती." तो पटापट अर्थ पाडत होता, आणि वाईट म्हणजे मला ते पटायला लागले होते.

तेवढ्यात बाबा आत आले. स्कूटरची किल्ली त्यांनी टेबलावर, बरोबर खिरकीच्या वर ठेवली.

"उद्यापासून स्कूटर तू चालव," ते मुलाला म्हणाले.

"का? काय झालं बाबा?"

"काही नाही. ज्याचं डोकं चालत नाही त्याने गाडी चालवू नये. उद्या रस्त्यात विसरलो, कुठला ब्रेक आणि कुठलं काय." आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

मी स्वयंपाकघरात गेले. आई ओट्याशी उभ्या होत्या, नळ उगीचच चालू होता.

"रविवारपासून असंच चाललंय गं," त्या हळूच म्हणाल्या. "स्वतःला प्रश्न विचारतात. काल मला म्हणाले, मी परवा कुठली भाजी खाल्ली? मी म्हटलं, तुम्ही खाल्ली नाहीत, वाटीखाली लपवलीत. तर म्हणाले, बघ, हेही आठवत नाही." त्यांनी नळ बंद केला. "आज सलूनमधून आल्यापासून तर एकच, सलूनवाल्याला सुटलं, डॉक्टरला सुटलं, मला नाही, म्हणतात. सटाटा म्हणून काही असतं हेसुद्धा आपण विसरलो, म्हणतात. अगं, पण असतं का ते?"

"नसतं हो आई," मी म्हणाले.

मी सरळ बाबांच्या उशाशी जाऊन बसले आणि सगळं सांगून टाकलं. लस, फाईली, हेच घे. आडवे याचे, उभे त्याचे. ते कोडं कुणालाच सुटणार नाही, मलाही नाही.

बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"गुणाची आहेस पोरी," ते म्हणाले. "सासऱ्याला बरं वाटावं म्हणून स्वतःवर आळ घेतेस."

"बाबा, खरंच! थांबा, दाखवते." मी लॅपटॉप आणला. दोन्ही कोडी, दोन्ही उत्तरं दाखवली.

त्यांनी चष्मा लावून बघितलं. "छान केलंस. आत्ता बसून केलंस ना? मघाशी तुम्ही दोघं टेबलावर काहीतरी करतच होतात."

"ते वेगळं होतं!"

"तुझा धंदाच आहे तो. तू कशातूनही काहीही करून दाखवशील. राहू दे. मला चहा नको."

मी नवऱ्याला आत बोलावलं. तो म्हणाला, "बाबा, चूक माझी." बाबा म्हणाले, "तुम्ही दोघं किती चांगले आहात." आईंनी सांगितलं, तर म्हणाले, "तुलाही सामील करून घेतलं?" आता काय करावं? या माणसाने आयुष्यभर एकच गोष्ट डोळे मिटून मानली आहे: छापून आलेलं. हवामान खात्याने पाऊस नाही म्हणून छापलं तर बाबा भर पावसात छत्री न घेता जातात आणि भिजून येऊन म्हणतात, अपवाद असेल.

मी टेबलाशी परत आले. समोर आमची चौकट होती, सटाटा आणि खिरकीने जवळजवळ भरलेली. ती छापली की माझा कोपरा मला राहणार होता, आणखी मोठाही होणार होता. आणि बाबा ती रविवारी वाचून पेन्सिल कायमची ठेवून देणार होते.

मी फार विचार केला असं नाही. तेवढा वेळच नव्हता. आत बटण उठल्याचं कुरकुरणं सुरू झालं होतं. तिला काखेत मारलं आणि मॅडमना फोन लावला.

सगळं ऐकून त्यांनी बारीक आवाजात विचारलं, "म्हणजे सटाटा नाहीये?"

"तुम्हीसुद्धा?"

"अगं, मी सगळ्या ऑफिसला समजावून सांगितलं ते! आमच्याकडे लहानपणी म्हणायचे सटाटा."

"मॅडम, नसतील म्हणत."

"नसतील," त्या म्हणाल्या. मग त्यांचा नेहमीचा आवाज परत आला. "हे छापलं तर जागा जाईल, माहितीये ना? मी आधीच सांगितलं होतं."

"माहितीये."

"न छापता भागणार नाही?"

आतल्या खोलीतून बाबांचा आवाज येत होता. ते एकटेच बसून आमच्या बिल्डिंगमधल्या सगळ्यांच्या मीटरचे नंबर म्हणत होते, बरोबर येतात का ते बघायला.

"नाही मॅडम," मी म्हणाले. "मोठं छापा."

रविवारी ते आलं. दोन्ही कोड्यांची उत्तरं शेजारी शेजारी, आणि खाली मी लिहिलेलं: 'मागच्या कोड्यात आडवे शब्द एका कोड्याचे आणि उभे दुसऱ्या कोड्याचे छापले गेले. चूक आमची. ते कोडं सुटणं शक्यच नव्हतं. ज्यांना सुटलं नाही त्यांची डोकी उत्तम चालू आहेत. ज्यांना सुटलं त्यांनी काळजी घ्यावी.'

बाबांनी ते एकदा मनात वाचलं. मग मोठ्याने वाचलं. मग आईंना बोलावून पुन्हा वाचून दाखवलं, जणू आई आठवडाभर परगावी होत्या.

"ऐकलंस? सुटणं शक्यच नव्हतं! छापलंय!"

"आम्ही तुम्हाला घसा कोरडा होईपर्यंत..." आई सुरू झाल्या, पण बाबा ऐकत नव्हते. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू उजाडत होतं.

"म्हणजे मंगळवारी ते दोघं..." ते म्हणाले, आणि त्यांना जे हसू फुटलं, ते थांबेचना. खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं, मधेच "शेतकरी वापरतात!" म्हणून पुन्हा सुरू. बटणला वाटलं आजोबांचं काहीतरी अडकलंय. ती त्यांच्या पोटावर दाबत सुटली. रविवारी सलून उघडं असतं. बाबांनी मुलाच्या खिशातून किल्ली काढून घेतली आणि आंघोळ न करताच गेले.

तिकडे काय झालं ते मला दोन्ही बाजूंनी कळलं. सलूनवाला म्हणे म्हणाला, "आम्हाला तेव्हाच कळलं होतं काका, पण वहिनींचा मान राखला." डॉक्टरांनी मात्र माघार घेतली नाही. सटाटा असतो, तो पेपरला माहीत नाही, हा पेपरचा दोष, असं ते अजून म्हणतात. सलूनवाल्याने बाबांचे केस फुकट कापले, बोलणं तिथेच संपावं म्हणून. संपलं नाही.

आणि माझ्या कोपऱ्यात गादी आली. पुढच्या रविवारी पान उघडलं तर तिथे एक माणूस पांढऱ्याशुभ्र गादीवर हातपाय पसरून झोपलेला. इतका गाढ, इतका बिनघोर, की एका लहान मुलाच्या आईने तरी त्याच्यावर चिडायलाच हवं. मी चिडले. बटणला तो दाखवला, तिने त्याला दाबलं, तो काही उठला नाही. त्या दुपारी ती झोपल्यावर मी काय करावं ते न कळून कपड्यांच्या घड्या घातल्या. बाबांनी पेन्सिलीला टोक काढलं आणि मग आठवून परत ठेवली.

मग मॅडमचा फोन आला. सटाटावाल्यांची पत्रं थांबत नव्हती. निम्मे म्हणत होते आमचं उत्तर बरोबर होतं, ते छापा. निम्मे म्हणत होते पुन्हा असंच मिसळलेलं कोडं द्या.

"गादी हलणार नाही," मॅडम म्हणाल्या. "वर्षाचा करार झालाय. पण तिच्या उशाशी थोडी जागा उरते. दोन काडेपेट्यांएवढी. त्यात काही बसवशील?"

मी हो म्हणाले. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत म्हणाले. पान लावणाऱ्याने नवी चौकट केली, एवढीशी, भिंगातून बघावी अशी. आता आडवे आणि उभे दोन्ही एकाच झोपेत होतात.

पहिलं छोटं कोडं आलं त्या रविवारी बाबा चहा घेऊन बसले. पाच मिनिटं शांतता. मग त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि आजवर कधी केलं नव्हतं ते केलं. मला हाक मारली.

"अगं ए! हे तीन उभं चुकलंय."

मी हात पुसत आले. तीन उभा होता: 'नेहमी उलटं वागणारा सेवक.' बाबांनी तिथे 'गडी' लिहिलं होतं.

"गडी बरोबर बसतोय," बाबा म्हणाले, "पण आडवा जुळत नाही. पुन्हा दोन कोडी मिसळलीत तुम्ही."

सूत्र बरोबर होतं. नेहमी म्हणजे सदा, आणि सदा उलटा केला की दास. मी चौकट तीनदा तपासली होती, नवऱ्याने दोनदा, आणि फाईल एकच होती. मी बाबांच्या चेहऱ्याकडे बघितलं. इतका निवांत, इतका खात्रीचा चेहरा मी त्यांचा कोड्यावर कधी पाहिला नव्हता.

"असेल बाबा," मी म्हणाले. "घाईत झालं असेल."

"असू दे, असू दे. लहान मूल आहे घरात, होतं असं." त्यांनी उदारपणे हात हलवला आणि पुन्हा कागदावर वाकले. मी वळले, आणि स्वयंपाकघरापर्यंत पोचते तोच बाहेरून आनंदाने टेबलावर थाप पडली.

"दास!" बाबा ओरडले. "तू काळजी करू नकोस गं, कुणाला सांगू पण नकोस. तू चुकवलं होतंस, पण मी जमवून घेतलं!"